वृद्ध आई-वडील आणि लहान मुलीसह पुण्याहून एका दिवसाची निवांत सहल: वाई-मेणवलीपर्यंतच जावे की पाचगणीही गाठावी?

कोथरूडनिवासी

सर्वांना नमस्कार.

डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात कुटुंबासह एका दिवसाची सहल काढायची आहे आणि त्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे. आम्ही पाच जण आहोत. वडिलांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे, पण ते सपाट रस्त्यावर व्यवस्थित चालतात. आईला गुडघ्यांचा त्रास आहे; दहा-बारा पायऱ्या ती कठड्याचा आधार घेऊन उतरते, त्याहून जास्त असतील तर तिला त्रास होतो. मुलगी तिसरीत आहे आणि वळणाच्या रस्त्यावर तिला गाडी लागते. गाडी लहान आहे, सीएनजीवर चालते, आणि डिकीतली बरीचशी जागा टाकीनेच व्यापलेली आहे.

वडिलांचे बालपण नगर जिल्ह्यात शेतावर गेले. पुण्यातल्या सदनिकेत राहायला आल्यापासून त्यांच्या बोलण्यात नदी, मळा आणि झाडाखालची दुपार हे विषय वारंवार येतात. त्यामुळे रिसॉर्ट, कृत्रिम धबधबे किंवा कृषी पर्यटनाच्या नावाखाली चालणारे गोंगाटाचे कार्यक्रम आम्हाला नको आहेत. नदीकाठी बसता यावे, घरगुती चवीचे जेवण मिळावे, मुलीला काही नवे पाहायला मिळावे आणि रात्री आठच्या आत सगळे घरी परत यावेत, एवढीच अपेक्षा आहे. परक्या ठिकाणी वडिलांना झोप लागत नाही, म्हणून मुक्काम करायचा नाही.

मी तयार केलेला आराखडा असा आहे. सकाळी सातला निघून साडेनऊपर्यंत वाईला पोहोचायचे, ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन मेणवलीचा वाडा पाहायचा, दुपारी पसरणी घाटाने पाचगणीला जाऊन टेबल लँड आणि स्ट्रॉबेरीचे मळे पाहायचे, जमल्यास महाबळेश्वरला वेण्णा तलावावर चक्कर मारायची आणि संध्याकाळी परतायचे. पत्नीचे म्हणणे आहे की ही सहल नसून धावपळ होईल. मला मात्र वाटते की एवढ्या लांब जातोच आहोत तर वर पाचगणीलाही जाऊन यावे. आपल्याला काय वाटते? वाईच्या परिसराऐवजी दुसरा एखादा भाग सुचवावासा वाटला तर तेही अवश्य सांगावे.

कृष्णाकाठ

नमस्कार. माझे माहेर वाईचे आहे आणि पुण्याहून माहेरी जाणे-येणे सतत चालू असते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आधी स्पष्टच सांगते, आपल्या पत्नींचे म्हणणे बरोबर आहे. कोथरूडहून वाई साधारण ८५ ते ९० किलोमीटर आहे. हा प्रवास त्रासाचा नाही. त्रास होतो तो वाईपासून पुढे. पसरणी घाटात वळणे आहेत, आपल्या मुलीला गाडी लागते, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात नाताळच्या सुट्ट्यांमुळे पाचगणी आणि महाबळेश्वरकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग घाटातच तुंबते. आई-वडिलांना दुपारच्या उन्हात तासभर थांबलेल्या गाडीत बसवून जे टेबल लँड दाखवायचे, तिथे आपल्या आईंना फारसे चालता येणार नाही आणि वडिलांना तर नदीकाठ हवा आहे. म्हणून पाचगणी आणि महाबळेश्वर ही दोन्ही नावे आराखड्यातून काढून टाकावीत आणि संपूर्ण दिवस वाई, मेणवली आणि धोम या कृष्णेच्या खोऱ्यातल्या छोट्या टापूतच घालवावा.

सुरूर फाट्याला महामार्ग सोडला की प्रवासाचा वेग कमी करा. फाट्यापासून वाई दहा-बारा किलोमीटर आहे आणि या वाटेवर दुतर्फा जुने वड आहेत. रस्ता रुंद करण्याच्या नादात कित्येक झाडे गेली याची हळहळ आम्हा सगळ्यांनाच आहे, पण जी उरली आहेत त्यांच्या पारंब्या अजूनही गाडीच्या टपावर येतात. सकाळी आठच्या सुमारास उन्हाचे कवडसे रस्त्यावर पडलेले असतात, बाजूला ऊस उभा असतो किंवा तोड चालू असते. वडिलांना गाडीतून उतरून बांधावर उभे राहावेसे वाटले तर इथेच थांबा. कुणाच्या शेतात शिरण्याआधी विचारावे, एवढेच पथ्य आहे. विचारले की लोक आनंदाने बोलतात आणि ऊस हातात दिल्याशिवाय सोडत नाहीत.

वाईत थांबण्याआधी मेणवलीला जा, असे मी आग्रहाने सांगेन. बहुतेक लोक आधी गणपतीचे दर्शन घेतात आणि अकरा-साडेअकराला मेणवलीत पोहोचतात, तोपर्यंत तिथे सहलींच्या बसगाड्या येऊन गर्दी झालेली असते. वाईपासून मेणवली तीनेक किलोमीटरवर आहे. नाना फडणवीसांचा वाडा खासगी मालकीचा असून त्यात एकामागे एक असे सहा चौक आहेत आणि काही भिंतींवर पेशवाईतली चित्रे टिकून आहेत. चित्रीकरण चालू असले तर वाडा आतून पाहायला मिळेलच असे नाही, म्हणून सहलीचा सगळा भार वाड्यावर टाकू नये. त्याच्या मागचा घाट मात्र कुणी बंद करू शकत नाही. चंद्रकोरीच्या आकाराचा तो दगडी घाट, वर मेणेश्वराचे आणि विष्णूचे मंदिर, मोठी झाडे आणि समोर कृष्णेचे पात्र, असा तो सगळा परिसर आहे. डिसेंबरात सकाळी दहापर्यंत तिथे सावली आणि गारवा असतो. आपल्या आईंना पाण्यापर्यंत उतरण्याची मुळीच गरज नाही. मंदिराच्या ओट्यावर बसले तरी नदी पूर्ण दिसते.

मेणेश्वराजवळ एका छोट्या दगडी बांधकामात मोठी घंटा टांगलेली आहे, ती आपल्या मुलीला नक्की दाखवा. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या अनेक घंटा मराठे घेऊन आले आणि त्या ठिकठिकाणच्या देवळांत बसवल्या गेल्या. त्यांपैकीच ही एक आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावातली आकृतीही आहे. महादेवाच्या देवळाशेजारी मेरीची आकृती असलेली घंटा पाहून मुले जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे देता देता आजोबांचा अर्धा तास सहज जातो. मुलीच्या हातात एक कागद आणि पेन्सिल द्या आणि तिला घंटेवरची नक्षी काढू द्या.

तिथून वाईत या. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. मूर्ती एका दगडातली आहे आणि तिच्या आकारावरूनच लोकांनी देवाचे नाव ठेवले आहे. दर्शन झाल्यावर मुलीला देवळाच्या मागच्या बाजूला घेऊन जा. ती भिंत माशाच्या आकाराची, टोकदार बांधलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. देऊळ नदीच्या काठावरच असून इतकी वर्षे पूर सोसत उभे का आहे, हे त्या भिंतीजवळ उभे राहिल्यावर मुलांना न सांगताच समजते. वाईला कृष्णेवर सात घाट आहेत: भीमकुंड, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही आणि रामडोह. सातही पाहण्याचा हट्ट धरू नये. गणपती आळीचा घाट पुरेसा आहे.

दुपारी जेवून झाल्यावर धोमला जा. वाईपासून ते आठेक किलोमीटरवर आहे आणि रस्त्यावर चढ-उतार फारसा नाही. धोमच्या महादेवाच्या देवळापुढे कमळाच्या आकाराचे दगडी कुंड आहे, त्यात कासव आहे आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप आहे. कुंडात पाणी असले की ते कासव तरंगत असल्यासारखे दिसते. त्याच आवारात नरसिंहाचे देऊळ आहे, परंतु तिथे पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून आपल्या आईंनी खालीच बसावे. डिसेंबरात धरणाचा जलाशय भरलेला असतो आणि पलीकडे कमळगडाचा डोंगर दिसतो. तीन-साडेतीनपर्यंत तिथे थांबून परतीला लागावे.

सावली

कृष्णाकाठ यांनी ठिकाणांविषयी इतके नेमके लिहिले आहे की त्यात भर घालण्याची गरज नाही. माझे सासू-सासरे आमच्याकडेच असतात आणि आम्ही त्यांना घेऊन अशा सहली काढतो, तेव्हा मी वृद्ध माणसांच्या सोयीविषयी लिहिते, कारण आराखडा आखताना नेमके हेच राहून जाते.

पहिला प्रश्न स्वच्छतागृहाचा आहे. आमच्या घरातल्या ज्येष्ठ स्त्रिया प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, कारण वाटेत सोय होईल की नाही याची त्यांना धास्ती असते. मग दुपारपर्यंत डोके दुखू लागते आणि त्याचे खापर उन्हावर फुटते. आपल्या आईंना आदल्या रात्रीच सांगा की कुठे कुठे थांबणार आहोत. घाट लागण्यापूर्वी शिरवळच्या आसपास महामार्गावरच्या एखाद्या मोठ्या हॉटेलवर पहिला थांबा घ्यावा, चहा प्यावा आणि तिथली सोय वापरून घ्यावी. दुसरी सोय जेवणाच्या ठिकाणी होईल, म्हणून जेवणाची जागा ठरवताना पदार्थांच्या यादीइतकीच या गोष्टीची चौकशी करावी. बैठक कमोडची आहे का, हे फोनवर विचारायला संकोच करू नये. गुडघे दुखणाऱ्या माणसाला भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर बसून उठणे ही शिक्षाच असते.

दुसरा प्रश्न बसण्याचा आहे. घाटाचा ओटा सुंदर असतो, पण तो थंड असतो आणि पाठीला टेकायला काही नसते. आपल्या डिकीत टाकी असल्यामुळे मोठी खुर्ची मावणार नाही. तरी घडीची हलकी खुर्ची मागच्या आसनापुढे पायांशी आडवी ठेवता येते, किंवा निदान दोन जाड उशा आणि एक सतरंजी घ्यावी. जमिनीवर सतरंजी अंथरून सगळ्यांनी बसायचे हे चित्र डोळ्यांपुढे छान असते, परंतु आईंना जमिनीवरून उठवताना दोन माणसे लागतात आणि त्या संकोचून जातात. त्यांच्यासाठी उंच बैठक हवीच.

जेवणाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. वाईत खानावळी आहेत आणि थाळी चांगली मिळते, पण सुट्टीच्या दिवशी दुपारी एक वाजता नंबर लावून उभे राहावे लागते. मी अशा वेळी दशम्या, सुकी बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि दहीभात घरूनच नेते. दहीभातात दुधाचे प्रमाण जास्त ठेवून अगदी थोडे विरजण घातले की दुपारपर्यंत तो आंबत नाही. वडिलांना मधुमेह असेल तर त्यांच्या जेवणाची वेळ कुठल्याही रांगेच्या भरवशावर सोडू नये. बाहेरच जेवायचे असेल तर सव्वाबाराच्या आत पानावर बसावे. जेवणानंतर अर्धा तास कुणीही काही पाहायला जाऊ नये. वडिलांना गाडीचे आसन मागे पाडून सावलीत डुलकी काढू द्यावी. आमच्या घरात या डुलकीवरूनच सहल चांगली झाली की नाही हे ठरते.

मुलीच्या पोटाविषयी एक गोष्ट. निघताना तिला भरपेट दूध देऊ नये. कोरडी पोळी किंवा खाकरा द्यावा आणि आल्याचा तुकडा किंवा आलेपाक हाताशी ठेवावा. तिला मधल्या आसनावर समोर पाहता येईल असे बसवावे आणि मोबाइल मुळीच देऊ नये.

नीराथडी

वाईचा परिसर उत्तम आहे यात शंका नाही, परंतु प्रश्नकर्त्यांनी दुसरा भाग सुचवण्यास सांगितले आहे म्हणून लिहितो. पाच माणसे, लहान गाडी, दुखणारे गुडघे आणि रात्री आठची मर्यादा हे सगळे पाहता मला वाई थोडी लांब वाटते. नाताळच्या आठवड्यात महामार्गावर एक अपघात झाला किंवा एक मालमोटार घाटात बंद पडली तरी दोन तास कोलमडतात. त्यापेक्षा नसरापूर आणि भोर हा टापू पाहावा. तो बराच अलीकडे आहे, महामार्गावरचा खंबाटकी घाट चढावाच लागत नाही आणि अंतर जवळपास निम्मे होते.

चेलाडी फाट्यावरून नसरापूरला वळले की बनेश्वर येते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९ मध्ये बांधलेले हे शिवमंदिर गर्द झाडीत आहे, समोर कुंडे आहेत आणि त्यांत मासे फिरत असतात. मुले त्या कुंडांपाशी तासन्‌तास रमतात. मागच्या बाजूला शिवगंगा नदी खडकांवरून उतरते. पावसाळ्यात तिथे मोठा धबधबा असतो, डिसेंबरात पाणी कमी असले तरी झाडी हिरवी असते. कृष्णाकाठ यांनी मेणवलीच्या घंटेविषयी लिहिले आहे. बनेश्वरलाही वसईच्या मोहिमेतलीच पोर्तुगीज घंटा आहे आणि तिच्यावर क्रूस आणि १६८३ हे साल स्पष्ट दिसते. मंदिराकडे जाण्याचा रस्ता बहुतांशी सपाट आहे, त्यामुळे आपल्या आईंना चालण्याचा त्रास होणार नाही. शनिवारी आणि रविवारी मात्र तिथे शाळा-महाविद्यालयांच्या मुलांची गर्दी होते, म्हणून सकाळी साडेआठच्या आत पोहोचावे.

तिथून कापूरहोळमार्गे भोरला जावे. भोरच्या अलीकडे इंगवली गावाजवळ नीरा नदी गळ्यातल्या हारासारखे वळण घेते. हल्ली सगळे त्या जागेला नेकलेस पॉइंट म्हणतात. रस्त्याच्या कडेलाच ती जागा असल्याने गाडीतून उतरले की दृश्य समोर येते. सकाळी नदीवर धुके असले तर थोडा वेळ थांबावे, कारण धुके विरताना वळण हळूहळू उघडे होत जाते आणि खाली भाताची कापलेली खाचरे दिसू लागतात. पुढे भाटघरचे धरण आहे. वेळवंडी नदीवरचे हे धरण इंग्रजांच्या काळात, १९२७ मध्ये पूर्ण झाले आणि नीरेच्या कालव्यांना पाणी पुरवण्याचे काम ते आजही करते. भोर गावात पंतसचिवांचा, म्हणजे तिथल्या संस्थानिकांचा, राजवाडा आहे, पण त्याचा आतला भाग पाहायला मिळेलच असे धरून चालू नये. गावातून थोडे पश्चिमेला गेले की भाताची खाचरे आणि डोंगराच्या कुशीतल्या वस्त्या सुरू होतात. वडिलांना जी शेती आठवते ती ज्वारी-बाजरीची असणार, इथली शेती वेगळी आहे. तरी मळणीच्या दिवसांत खळ्यावर भाताच्या पेंढ्या झोडपणे चालू असले तर त्यांना ते नक्की आवडेल.

हा बेत केला तर दुपारी चारला निघूनही सहाच्या आत घरी पोहोचता येते.

कोथरूडनिवासी

तिघांचेही मनःपूर्वक आभार. सर्व प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवले. पाचगणी आणि महाबळेश्वर वगळले आहे. नीराथडी यांचा बनेश्वर-भोरचा पर्याय सोयीचा आहे हे पटते, पण वडिलांनी कृष्णेचे नाव ऐकल्यावर वाईचाच आग्रह धरला आहे. त्यांच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, वाईच्या घाटावर कन्यागत पर्वणीला स्नान केल्याची आठवण त्यांनी सांगितली, त्यामुळे आता दुसरीकडे जाण्याचा प्रश्न उरला नाही. भोर आम्ही उन्हाळ्यापूर्वी वेगळे करू.

दोन शंका उरल्या आहेत. सीएनजीवरची गाडी पाच माणसांसह खंबाटकी घाट नीट चढेल का? आणि परतताना वाईहून मांढरदेवमार्गे भोरला उतरून कापूरहोळला आले तर महामार्गाची गर्दी टळेल आणि भोरही वाटेत पाहून होईल, असे एका परिचितांनी सुचवले आहे. ते कितपत योग्य ठरेल?

सडकसोबती

गाडीच्या शंकेचे उत्तर देतो. खंबाटकी घाट चढण्यात कोणतीही अडचण येणार नाही. सीएनजीवर गाडीचा जोर पेट्रोलपेक्षा थोडा कमी असतो, म्हणून चढ सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा, मालमोटारीच्या अगदी मागे चिकटून राहू नये आणि इंजिन दमते आहे असे वाटले तर तेवढ्यापुरती गाडी पेट्रोलवर घ्यावी. पेट्रोलची टाकी निदान अर्धी भरलेली असू द्यावी. सीएनजी आदल्या रात्रीच भरून घ्यावा, कारण सकाळी पंपावरच्या रांगेत अर्धा तास गेला की पुढचे सगळे वेळापत्रक ढासळते. पाच माणसे आणि सामान असल्यामुळे टायरमधल्या हवेचा दाब गाडीच्या दारावर किंवा पुस्तिकेत पूर्ण भारासाठी जो दिलेला असतो, तेवढा ठेवावा. स्टेपनीतली हवाही त्याच वेळी तपासून घ्यावी. टाकी असलेल्या गाडीत स्टेपनी काढणे जिकिरीचे असते, त्यामुळे तिच्याकडे महिनोन्‌महिने कुणी पाहत नाही.

कोथरूडहून वारजे, नवले पूल आणि नव्या कात्रज बोगद्यातून महामार्गाला लागावे. सात वाजता निघण्याऐवजी सव्वासहाला निघावे. डिसेंबरात सात वाजता उजाडते, म्हणजे शहर ओलांडेपर्यंतच काय तो अंधार असतो आणि घाटात पोहोचेपर्यंत लख्ख ऊन पडलेले असते. नवले पुलाच्या उतारावर वेग वाढू देऊ नये. तिथे अवजड वाहनांचे ब्रेक निकामी होऊन वारंवार अपघात झाले आहेत, म्हणून मालमोटारींच्या पुढे राहण्यापेक्षा त्यांना जाऊ द्यावे. वाटेत खेड शिवापूरचा टोलनाका लागतो. आनेवाडीचा नाका सुरूर फाट्याच्या पुढे असल्याने तो आपल्याला लागत नाही. खंबाटकीच्या परिसरात नव्या बोगद्यांमुळे मार्गिकांमध्ये बदल होत आहेत, त्यामुळे जुन्या सवयीने न जाता तिथले फलक वाचून मार्ग घ्यावा.

आता मांढरदेवच्या रस्त्याविषयी. आपल्यासाठी तो योग्य नाही, असे मी ठामपणे सांगतो. वाईहून मांढरदेवचा घाट चढायचा आणि पलीकडे भोरकडे उतरायचे, म्हणजे मुलीला पसरणी घाटापासून वाचवून त्याहून अधिक वळणांच्या रस्त्यावर नेण्यासारखे होईल. रस्ता देखणा आहे, वरून दोन्ही बाजूंची खोरी दिसतात, परंतु दिवसभर दमलेल्या माणसांना संध्याकाळी घेऊन जाण्याचा तो रस्ता नव्हे. शिवाय काळूबाईची यात्रा पौष पौर्णिमेला असते आणि त्या सुमारास या वाटेवर भाविकांची मोठी गर्दी असते. आपण डिसेंबरच्या अखेरीस जाणार असाल तर पंचांग पाहून पौष कधी लागतो याची खात्री करून घ्यावी.

एका धोक्याचा उल्लेख कुणीच केलेला नाही म्हणून मुद्दाम सांगतो. हे उसाच्या गाळपाचे दिवस आहेत. वाई आणि भुईंजच्या परिसरात संध्याकाळी साखर कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून चालतात. ऊस ट्रॉलीच्या बाहेर आलेला असतो, मागचे दिवे उसाखाली झाकले गेलेले असतात, आणि अंधार पडल्यावर ती ट्रॉली अगदी जवळ पोहोचेपर्यंत दिसत नाही. बैलगाड्यांना तर दिवाच नसतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून सुरूर फाट्यापर्यंतचा आतला रस्ता साडेचारच्या आत मागे टाकावा. महामार्गावर आल्यावर पुढचा प्रवास अंधारात झाला तरी चालतो. दिवस निवडण्याची मोकळीक असेल तर मंगळवार ते गुरुवार यांपैकी एक घ्यावा. रविवारी संध्याकाळी महाबळेश्वरहून परतणारी सगळी वाहने खेड शिवापूरच्या नाक्यावर एकाच वेळी येतात.

कृष्णाकाठ

सडकसोबती यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे, विशेषतः उसाच्या ट्रॉल्यांविषयी. आमच्या गावातल्या माणसांनाही संध्याकाळी त्या रस्त्यावर दुचाकी चालवताना भीती वाटते.

आपल्या वडिलांनी कन्यागताची आठवण सांगितली हे वाचून फार बरे वाटले. गुरू कन्या राशीत येतो तेव्हा, म्हणजे साधारण बारा वर्षांनी, वाईला कृष्णाकाठी ही पर्वणी भरते आणि त्या वर्षी गावाबाहेरून पुष्कळ माणसे स्नानाला येतात. आजींनी नेमक्या कुठल्या घाटावर स्नान केले हे त्यांना आठवत असेल तर गणपती आळीऐवजी त्या घाटावर जावे. धर्मपुरी आणि गंगापुरी हे घाट तसे शांत आहेत आणि तिथे बसायला ओटे आहेत. आठवत नसेल तर घाटावरच्या एखाद्या वयस्कर माणसाला विचारावे. त्यांच्या पिढीतली माणसे पर्वणीच्या गोष्टी आवडीने सांगतात आणि आपल्या वडिलांना हवा असलेला संवाद तिथे आपोआप सुरू होईल.

गणपती आळीत गाडी नेऊ नये. गल्ल्या अरुंद आहेत, समोरून रिक्षा आली की मागे घेत बसावे लागते. आई-वडिलांना देवळाजवळ उतरवून आपण गाडी मोकळ्या जागेत लावून चालत यावे. पत्नी त्यांच्यासोबत थांबतील. जेवण घरून नेणार असाल तर मेणवलीच्या घाटावर न जेवता धोमला झाडाखाली जेवा, कारण मेणवलीला माकडे डबा उघडण्याची वाटच पाहत असतात. उष्टे, कागद आणि प्लास्टिक परत नेण्यासाठी एक जाड पिशवी गाडीत ठेवा. सहलींच्या दिवसांत घाटावर इतका कचरा साचतो की सकाळी झाडलोट करणाऱ्या बायका मेटाकुटीला येतात.

वाईत मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे आणि त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे बरेचसे आयुष्य याच गावात, प्राज्ञपाठशाळेच्या परिसरात गेले. वडिलांना वाचनाची आवड असेल तर गंगापुरीकडे जाताना त्यांना ते अवश्य सांगा. आत जाऊन पाहायचे असेल तर कामकाजाच्या दिवशीच जावे लागेल, हे मंगळवार ते गुरुवार निवडण्याचे आणखी एक कारण समजा.

निघण्याचा दिवस नक्की झाला की इथे कळवा. वाड्यात त्या दिवशी चित्रीकरण आहे का, याची चौकशी मी माहेरी फोन करून आदल्या दिवशी सांगू शकेन.